उचकीवाली सुजाताबाई

गाणं ऐन रंगात आलं की सुजाताबाई सूर मध्येच तोडायची, अगदी उचकी लागल्यासारखा, आणि तोच सूर वरच्या पट्टीत पुन्हा पकडायची. पदर कमरेला खोचलेला, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार. आमच्या गोंदियाकडे गिटार घेऊन स्टेजवर उभी राहिलेली पहिली बाई हीच. मी तिच्या पार्टीत ड्रम वाजवायचो.

तिची आई रेल्वे कॉलनीत एका म्हाताऱ्या गार्डसाहेबाकडे धुणीभांडी करायची. त्याच्या रेकॉर्डवरची अमेरिकन नाचरी गाणी ऐकत ही वाढली आणि त्या धाटणीत भाताच्या रोवणीची, मोहफुलांची गाणी रचू लागली. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे नाचगाण्यांची जत्रा, भरते, तिथे ती पहिल्यांदा गायली तेव्हा कोणीतरी ओरडलं, "बाईचं पोट बिघडलं का?" माईकवरून तिनं उत्तर दिलं, "माहं नाई भाऊ, नाचून नाचून तुमचं बिघडन." आणि खरंच सगळे नाचले.

स्टेजवर चढण्याआधी ती खर्रा तोंडात टाकायची. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला. "यानं गरा खुलते," ती म्हणायची. गळा खुलतो हा समज आम्हा सगळ्यांचाच होता.

एका वर्षी चिचगडच्या मंडईत सूर तुटला, तो वर गेलाच नाही. मान नेहमीसारखी मागे गेली, पण जबडा हलला नाही. माझा ठेका चुकला. जेवताना ती भातात वरण ओतून, पातळ करून पिऊ लागली. "काऊन पाहून राहिलास? दाढ दुखते," म्हणाली. गोंदियाच्या डॉक्टरांनी खर्रा आजच सोडा, गालातला तुकडा तपासायला द्या, असं बजावलं. बाहेर येऊन ती एवढंच म्हणाली, "सीझन होऊ दे." मला त्या क्षणापासून धास्ती बसली.

पुढे तोंड उघडेनासं झालं, तशी ती दातांवर दात ठेवून गाऊ लागली. कोंडलेला, घुसमटलेला आवाज. मला तो ऐकवत नसे, आणि लोकांना नेमका तोच आवडला. मोबाइलवर व्हिडिओ फिरले. तिरोड्याकडच्या तरुण गायिका हौसेनं दात आवळून गाऊ लागल्या.

बोदलकसाजवळचा दुपारचा कार्यक्रम तिचा शेवटचा ठरला. पार्टीत नव्यानंच आलेली प्रीती स्टेजमागे तिच्या पाया पडली. पोरीचा गाल फुगलेला, हातात खर्ऱ्याची पन्नी. "बाई, तुमच्यावानी आवाज यानंच बसते ना? मी बी सुरू केला."

सुजाताबाईनं गिटार उतरवून खाली ठेवली. इतके दिवस कोणाला दाखवलं नव्हतं, पण आता तिनं ओठ बाजूला ओढला, आणि प्रीतीचं बोट धरून आतल्या गाठीवर टेकवलं.

"हे पाह्य. हे माही स्टाइल."

प्रीतीनं हात मागे ओढू पाहिला. बाईनं तो सोडला नाही.

"थुक."

प्रीती थुंकली. मग बाईची नजर माझ्याही फुगलेल्या गालावर आली.

"तू बी."