दिलीपच्या नावाचा कप

आधी एक स्पष्ट करतो. आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचे, बौद्ध घर. कोणी आजारी पडलं तर दवाखाना, दुसरा रस्ता नाही. भगत-मांत्रिक दारात आला तर माझी आई त्याला पाणीसुद्धा विचारत नसे. त्यात मी धंदेवाला... वस्तू हातात घेऊन उलटीसुलटी केल्याशिवाय मी खरी मानत नाही. ही वस्तू मी हातात घेतली आहे, आजही माझ्या घरात आहे, म्हणून लिहितोय.

समुद्राचं संशोधन करणाऱ्या एका जहाजावर मेस चालवायचं कॉन्ट्रॅक्ट माझ्याकडे होतं. भंडाऱ्याचा माणूस समुद्रात कसा, असं सगळेच विचारतात. हॉटेलात भांडी घासत वर आलो आणि भावतावात कोणाला ऐकलं नाही, असा इथवर पोचलो. मेसमध्ये तांदूळ शिजायचा तोही आमच्याकडचा चिन्नोर. धाकटा भाऊ दिलीप शेती बघतो, त्याच्याच बांधीतला, म्हणजे धानाच्या शेतातला.

हे जहाज माल नेत नाही, प्रवासी नेत नाही. भर समुद्रात एका जागी थांबतं आणि विंचवरून, म्हणजे यंत्राच्या मोठ्या रहाटावरून, जाड वायर खाली सोडतं. वायरच्या टोकाला लोखंडी पिंजरा, त्यात पाण्याचे नमुने घ्यायच्या बाटल्या. तो तीन-तीन किलोमीटर खाली जातो. तेवढा वेळ वैज्ञानिक स्क्रीनसमोर, सारंग — म्हणजे खलाशांचा मुकादम — डेकवर, आणि मी चहाची किटली घेऊन दोघांच्या मध्ये.

जहाजावर एक गंमत चालते. थर्माकोलच्या कपावर मार्करने घरच्यांची नावं लिहायची, कप जाळीत भरून पिंजऱ्याला बांधायचे. खालच्या पाण्याचा दाब इतका, की कप दाबले जाऊन अंगठ्याएवढे होऊन वर येतात. नाव तसंच, फक्त बारीक. पोरांना द्यायला झकास भेट. आकार वाकडातिकडा होऊ नये म्हणून आत कागद कोंबतात. मी दिलीपचं नाव लिहिलं आणि कागदाऐवजी त्याचाच तांदूळ भरला, वर चिकटपट्टी लावली. शेतकऱ्याचा कप, त्यात कागद काय भरायचा?

जाळी वर आली तेव्हा दुपार होती. सगळ्यांचे कप अंगठ्याएवढे. दिलीपचा जसाच्या तसा. चिकटपट्टी काढली तर आतला तांदूळ कोरडा. बोटांत खुळखुळत होता.

"तांदळामुळे दबला नाही," वैज्ञानिकांचे प्रमुख, मोठे साहेब म्हणाले.

"आणि कोरडा कसा साहेब?"

"चिकटपट्टी चांगली असेल." सगळे हसले.

सारंग मात्र हसला नाही. कप हातात फिरवत म्हणाला, "शेठ, याच्यावर बसायचं ते ओझं गेलं कुठं मग?"

"तुझ्या डोक्यावर बसलं," मी म्हणालो आणि तांदूळ मूठ करून समुद्रात टाकला.

संध्याकाळी जहाजाच्या सॅटेलाइट फोनवरून घरी फोन लावला. दिलीपचा आवाज भलताच दबलेला.

"दादा, कानात काय भरलं समजून नाही राहिलं मले. छातीवर कोणी पाय देऊन उभं हाय असं वाटते."

"उन्हात फिरला असशील. कांद्याचं पाणी पी."

"उन्हात काहून फिरू? दुपारी बांधीत उभा होतो, तेव्हाच बसलं हे."

त्यानंतर मेसमधल्या फळीवर ठेवलेला तो कप लहान होऊ लागला. मी खानसामा, भांड्याचं माप माझ्या हातात आहे. आधी स्टीलच्या ग्लासावर तो पालथा बसायचा. मग ग्लासात जाऊ लागला. इकडे कप बारीक, तिकडे दिलीप अंथरुणाला. नागपूरच्या डॉक्टरनं कान तपासून विचारलं म्हणे, की हे खोल पाण्यात डुबक्या मारतात का? पडदे आत ओढले गेलेत. गुडघाभर चिखलाच्या पुढे पाण्यात न गेलेला माझा भाऊ! बाकी सगळे रिपोर्ट साफ.

मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, हा कप एकदा परत खाली सोडा. दबायचा तो तिथंच दबू दे. वायर तर रोज सोडताच, माझं काय वेगळं मागणं आहे? ते म्हणाले, "कोणाच्या अंधश्रद्धेसाठी वायर सोडत नाही." अंधश्रद्धा! मला! गंमत म्हणून जाळीभर कप सोडता, आणि एका जिवासाठी एक नाही? माझा आवाज चढला, टेबलावरची किटली मी भिंतीवर फेकली. पुढच्या बंदरात 'डोकं ठिकाणावर नाही' म्हणून मला उतरवलं, कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्याला. ती आग अजून विझलेली नाही.

पवनीला पोचलो तेव्हा कप माझ्या शर्टाच्या खिशात मावत होता. दिलीपची बायको सुनीता दारातच म्हणाली, "दादा, बरं झालं आले. सकाळपासून काहीबाही बोलून राहिले."

भर दुपार. खिडकी उघडी, पलंगावर ऊन. दिलीपनं माझा हात धरला. हात बर्फासारखा.

"दादा, अंधार कायले केला? लाईट तरी लाव. लय खाली हाय मी."

तेवढ्यात माझ्या खिशातून आवाज आला. थर्माकोल दाबल्यावर येतो तो, कर्रर्र. मी कप बाहेर काढला. तो माझ्या तळहातावर, माझ्या डोळ्यांदेखत आत ओढला जात होता आणि प्रत्येक कर्रर्रला दिलीपची छाती आत जात होती. सुनीता किंचाळली. मला दुसरं काही सुचलं नाही. आयुष्यभर जे केलं तेच केलं. ओरडलो, "त्याले सोड! माझ्यासंग बोल, सौदा माझ्यासंग कर!" दिलीपच्या पोराच्या दप्तरातला मार्कर घेतला, दिलीपचं नाव खोडलं आणि उरलेल्या एवढ्याशा जागेत माझं लिहिलं. प्रभाकर.

आवाज थांबला.

दिलीपनं मोठा श्वास घेतला. डोळे मिचकावले. "ऊन लय हाय बाप्पा," म्हणाला, "पडदा ओढ."

आज तो ठणठणीत आहे. सुनीता म्हणते, सकाळच्या इंजेक्शनचा गुण. दिलीप थट्टा करतो, "दादानं मरणासंग पण भाव केला." मी हसतो. वैज्ञानिक, डॉक्टर, विहारातले भंतेजी, सगळ्यांना विचारून झालं.

फक्त एक गोष्ट घरात कोणाला सांगितलेली नाही. इतके सौदे केले, पण माल कधी उचलणार हे विचारल्याशिवाय मी कधी हात मिळवला नाही. त्या दुपारी विचारायचं राहिलं. कप कपाटात आहे, कुलूप लावून. आणि परवापासून माझा डावा कान बंद आहे.