बाबांची हाक

आमच्या धंद्यातले किस्से कोणी मुद्दाम जमवले नाहीत. भिंत धुताना पायाशी गाळ साचतो, तसे ते साचत गेले. मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "सुमन, तो चौकोनाचा सांग ना," आणि मी सांगते. पण मला आधी आठवतो तो वेगळाच. त्यात घडलं काहीच नव्हतं. फक्त एक उत्तर उशिरा आलं होतं.

परळला एका तीनमजली इमारतीच्या भिंती धुण्याचं काम चालू होतं. बाबा शिडीवर, हातात पाइपची पितळी तोटी. खाली काका पंपाच्या दांड्यावर. बाबांनी वरून "सोड!" म्हणायचं, काकाने खालून "घे!" म्हणायचं आणि मगच दांडा दाबायचा, अशी त्यांची रीत. पाण्याला जोर इतका की तोटी माणसाला मागे ढकलते. म्हणून 'घे' ऐकू आलं की बाबा आधीच भिंतीकडे रेलून तयार राहायचे.

त्या दिवशी 'घे' आलं, पण मी मनात पाच आकडे मोजून झाल्यावर. मी डबा घेऊन उभी होते. बाबांनी वळून खाली पाहिलं. काका भलतीकडेच बघत होता.

मी मुळात भित्री. पाल चुकचुकली तरी मला घाम फुटतो, असं आई म्हणते. म्हणून त्या पाच आकड्यांबद्दल कोणाशी बोलले नाही.

*

पंप गिरणीचा. आग विझवायचा जुना हातपंप गिरणीने भंगारात काढला आणि तिथे फिटर असलेल्या बाबांनी तो घरी आणला. आई म्हणाली, "आता चाळीला आग लागायची वाट बघत बसायचं का?"

बाबांनी आणि काकाने तो दुरुस्त केला आणि चाळीचा जिना धुऊन काढला. जिन्याच्या पायऱ्या पांढऱ्या दगडाच्या आहेत, हे वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या आजींनाही त्या दिवशीच कळलं. आमचा भिंती धुण्याचा धंदा तिथून सुरू झाला.

*

लालबागला भिंती धुणारे आणखी चौघे होते. दोघांकडे पुढे पंपही आले. त्यांच्यात आपण उठून दिसायचं कसं? बाबांनी युक्ती काढली. काम मिळायच्या आधीच दर्शनी भिंतीवर हातभर चौकोन फुकट धुऊन द्यायचा.

गिरगावातल्या एका मालकाने चौकोन धुऊन घेतला आणि "कळवतो" म्हणून जो गेला तो गेलाच. पंधरा दिवसांनी त्याची बायको शोधत शोधत आमच्या चाळीत आली.

"अहो, एक तर सगळी भिंत धुवा, नाहीतर तो चौकोन तरी परत मळवून द्या. येणारा जाणारा विचारतोय, बाकीची कधी?"

काळाचौकीच्या एका चाळमालकाने मात्र दाद दिली नाही. तो चौकोन तसाच राहिला. पोस्टमनसुद्धा त्या चाळीला 'चौकोनाची चाळ' म्हणायला लागला.

*

धंद्याचं पत्रक मी लिहिलं. कॉलेजात जाणारी घरात मी एकटीच. 'आमची वैशिष्ट्ये' असा मथळा घातला आणि बाबांना विचारलं, काय लिहू?

"लिही, आम्ही हाक मारतो आणि उत्तर आल्याशिवाय पाणी सोडत नाही."

"गिऱ्हाइकाला त्याचं काय, बाबा?"

"दुसरं कोण मारतं? सांग."

काका दांड्याला तेल घालत होता. मायेने किंवा रागाने बोलायचं असलं की तो मालवणीवर यायचा. म्हणाला, "लिही गो. दादाक उत्तर देणारो माझ्याशिवाय आसा कोण?"

मी लिहिलं. छापखानेवाल्याने नेमकं तेवढंच वाक्य गाळलं. त्याला वाटलं, घरगुती काहीतरी चुकून कागदावर आलं.

*

मग चळवळीचे दिवस आले. गिरणगावात एक भिंत कोरी राहिली नाही. मोर्चा असला की मी कॉलेजातून येईपर्यंत आई गॅलरीत उभी. गोळीबाराची बातमी आली की पूर्ण चाळ गॅलरीत. आणि भिंतीभिंतीवर गेरूने लिहिलेलं 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'.

मालकमंडळींना पोलिसांची धास्ती. अक्षरं पुसायची कामं दारात यायला लागली. बाकीचे चौघे घेत होते. काका म्हणाला, आपणही घेऊ, नाहीतर मागे पडू. बाबा नको म्हणाले.

चौकोनाच्या चाळीचा मालकही आला, आणि काकाने त्याला परस्पर शब्द दिला. बाबांना हे त्या परळच्या कामावर, त्याच संध्याकाळी कळलं. ते पाच आकडे कशाचे होते, हे मलाही तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी बाबा काळाचौकीला गेले, शिडी लावली आणि दिवसभर ती भिंत धुतली. अक्षरं सोडून. अक्षरांजवळ आल्यावर तोटी बाजूला ठेवायची आणि ब्रशने कडेकडेने घासायचं. 'संयुक्त'वरचा अनुस्वारसुद्धा ओला होऊ दिला नाही. संध्याकाळी त्या लख्ख भिंतीवर अक्षरं अशी उठून आली, की पार नाक्यावरून वाचता येत होती.

मालकाला कापरं भरलं. "हे काय केलंत तुम्ही?"

"भिंत धुवा म्हणालात. धुतली."

चाळ पोट धरून हसली. काका हसला नाही. घरी आल्यावर म्हणाला, "दादा, मी शब्द दिलेलो."

"मला विचारून दिलास?"

दोघांचं समोरासमोर झालेलं हे शेवटचं बोलणं.

*

काकाने दुसरा पंप मिळवला, दोन माणसं ठेवली आणि बोर्ड लावला: 'जलद काम. आरडाओरडा नाही.' तिथे हाकेऐवजी शिटी वाजायची.

बाबा मुद्दाम वाट वाकडी करून तो बोर्ड वाचून आले. म्हणाले, "शिटीला उत्तर काय देणार?"

पुढे भोईवाड्यात मला काका भेटला. इकडेतिकडे बघून म्हणाला, "दादाचो खोकलो कसो आसा?"

"या ना बघायला."

"मी इचारलंय म्हणून सांगू नको हां."

मी घरी जाऊन लगेच सांगितलं. बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "त्याला सांग, बरा आहे. पण मी सांगितलं म्हणून सांगू नकोस."

*

दादरला शेजारी शेजारी दोन इमारती, मध्ये अरुंद बोळ. एकीचं काम आम्हाला मिळालं, दुसरीचं काकाला. आमच्या दांड्यावर दगडू नावाचा नवा माणूस होता.

काम हातात होतं, तरी सकाळी बाबांनी सवयीने आधी वरच्या बाजूला चौकोन धुतला. मग खालून निम्मी भिंत झाली. मी डबा घेऊन पोचले, तेव्हा दगडू वाकून पाइपचा सांधा आवळत होता. बाबांना वरून ते दिसलं नाही. त्यांनी हाक मारली, "सोड!"

बोळापलीकडे काका आमच्याकडे पाठ करून उभा होता. त्याने वळूनही पाहिलं नाही. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, "घे!"

बाबा पुढे रेलले. पाणी आलंच नाही. मागे ढकलणारं काही नव्हतं. कपाळ भिंतीवर आपटलं आणि शिडी सरकली.

मला त्यानंतरचं एवढंच दिसतं की काका बाबांना दोन्ही हातांवर घेऊन रस्त्यातून धावतोय आणि त्याच्या गळ्यात शिटी हलतेय. हॉस्पिटलच्या दारात त्याने बाबांना खाटेवर ठेवलं. मी वळून पाहिलं तर तो नव्हता.

*

बाबा आमच्याशी कधी मालवणी बोलत नसत. हॉस्पिटलात नऊ दिवस तेवढंच बोलले. "सुमे, तुका आयकूक इला मां? उत्तर दिल्यान."

नर्सला सांगितलं, शेजारच्या पेशंटला सांगितलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "डोक्याला मार आहे, बरळणारच." मी हो म्हटलं. माझ्या बाबांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं, हे त्यांना कसं सांगणार?

दहाव्या दिवशी खाट रिकामी होती.

*

काका तेराव्यालाही आला नाही. मी त्याच्या दारात गेले. "काका, मी सुमन." आत स्टोव्ह चालू होता. उत्तर नाही. दुसऱ्यांदा गेले. नाही. तिसऱ्यांदा काकीच बाहेर आली. "कोणाशी बोलत नाही गं. शिटी फेकून दिली, बोर्ड उतरवला. भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो."

मी दाराबाहेरूनच म्हटलं, "काका, बाबा शेवटपर्यंत सांगत होते, त्याने उत्तर दिलं. आनंदाने सांगत होते."

आतला स्टोव्ह बंद झाला.

*

दादरची भिंत अर्धीच राहिली होती. मालकाने निरोप धाडला, सोमवारपर्यंत करा, नाहीतर त्या चौघांपैकी कोणालातरी सांगतो. दगडू शिडी चढायला तयार नव्हता. मी म्हटलं, मी चढते. आई म्हणाली, "तू? पालीला भिणारी?"

पदर खोचला आणि चढले. वर बाबांचा चौकोन अगदी डोळ्यांसमोर आला. तोटी दोन्ही हातांत धरली आणि हाक मारली, "सोड!"

दगडूने त्या दिवसापासून 'घे' हा शब्द तोंडात घेतला नव्हता. तो नुसती मान हलवत असणार, पण मला खाली बघायचा धीर होत नव्हता.

"सोड!"

रस्त्यावर माणसं थांबल्याचं जाणवलं. कोणीतरी म्हणालं, "अरे, पोरगी आहे वरती, उतरवा तिला." मी डोळे मिटले आणि बाबांसारखी, पोटातून हाक मारली.

"सोड!"

खाली कोणीतरी दगडूला बाजूला सारलं. दांडा करकरला.

"घे गो, सुमे."