काकांनी न केलेला गोळा

जगातली प्रत्येक लोखंडी वस्तू आधी लाकडाची असते, हे यजमानाला पटवल्याशिवाय ज्यांनी कोणाच्या घरचा चहा कधी संपवला नाही, असे आमचे शेजारचे काका एकटेच. भिलाईत तेव्हा सगळीकडे लोखंडाचीच भाषा होती. एक भट्टी पेटली की दुसरीचा पाया खणला जाई, आणि अंगणात वाळत घातलेली पांढरी चादर संध्याकाळपर्यंत तांबूस होई. अशा गावात काका खुर्सीपारजवळच्या एका खाजगी फाउंड्रीत रंधा मारत बसायचे. ते पॅटर्नमेकर होते. पंप, चाक, झाकण, जे काही ओतायचं त्याचा लाकडी नमुना आधी ते करत. मग तो वाळूत दाबून, त्या खळग्यात लोखंडाचा रस ओतला जाई. आमच्या शिलाई मशीनवर टिचकी मारून ते म्हणत, “हे सागाचं होतं.” लोखंड थंड होताना आकसतं म्हणून नमुना जरासा मोठा ठेवावा लागतो. हा नियम काकांनी संसारालाही लावला होता. चार पाहुणे यायचे असले की ते सहांचा स्वयंपाक सांगत. सभेला वीस माणसं आली तर तीस आली म्हणत, आणि कोणी हटकलंच तर ऐकणाऱ्याच्या डोक्यात जाईपर्यंत ती वीसच होतात असं समजावत. काकू चुलीपाशी बसून एवढंच म्हणायच्या, “लग्नात यायनं मले नागपूरचं घर सांगतलं होतं. आकसून तिरोडा निघालं.”

चीनची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. त्या फाउंड्रीला सरकारकडून तोफगोळ्यांची कवचं ओतण्याचा ठेका मिळणार, अशी बातमी आली. मालकाने पेढे वाटले. काकांनी पेढा खाल्ला, हात पुसले आणि हा नमुना आपण करणार नाही असं सांगून टाकलं. मालकही भला माणूस होता. तो म्हणाला, ठेका पक्का होऊन येईपर्यंत विचार करा. आल्यावर मात्र एक तर नमुना, नाही तर रजा. काकांना तीस वर्षांत दुसरं काम ठाऊक नव्हतं, आणि राहती खोलीही फाउंड्रीचीच होती. बाबांनी त्यांना समजवायचा प्रयत्न केला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “आजपर्यंत माल फुटला म्हणून शिव्या खाल्ल्या, भाऊ. आता फुटायसाठीच बनवू का?”

आपण लाकडाचा केला नाही तर लोखंडाचा होणारच नाही, अशी त्यांची खात्री होती. जगातल्या सगळ्या लढाया त्यांच्या रंध्यापाशी अडून पडल्या होत्या. तरी खबरदारी म्हणून, ठेकाच येऊ नये असा अर्ज दिल्लीला पाठवायचं त्यांनी ठरवलं आणि शाईचं पॅड घेऊन ते दारोदार फिरू लागले. आमच्याकडे तेव्हा नळासाठी, दिव्यासाठी, क्वार्टरसाठी रोज एक अर्ज फिरत असे, त्यामुळे लोक न वाचताच अंगठा उमटवत. मग अर्ज कशाचा आहे हे कळलं की दुसऱ्या दिवशी एकेक जण संकोचत दारात येई. फाउंड्रीतलाच एक मोल्डर येऊन म्हणाला, “काकाजी, माह्या साळ्याले त्या ठेक्याच्या कामावरच चिपकवून राहिलो. माहं नाव तेवढं काढून टाका.” काका कोणावर रागावले नाहीत. एवढं आकसणार हे आपण धरलंच होतं, म्हणून तर सह्यांसाठी पार मरोद्याच्या वस्तीपर्यंत जाऊन आलो, असं ते सांगत. पण त्या दिवसांत त्यांचा चेहरा उतरत गेलेला मला दिसत होता.

अर्ज इंग्रजीत हवा होता आणि इंग्रजी शाळेत गेलेली आसपास मी एकटी. मी तेव्हा कोणाशीच फारसं बोलत नसे, मराठीतही नाही. आमच्या शाळेने मला दोनच पत्रं शिकवली होती: एक रजेचा अर्ज, आणि दुसरं प्रमुख पाहुण्यांना आभाराचं. दोन्ही एकत्र करून मी तीन पानं लिहिली. पहिल्या पानावर नम्रता होती. दुसऱ्यावर या ठेक्याकडे आमचं किती मनापासून लक्ष लागलं आहे ते होतं. ‘नको’ म्हणणं मला उद्धट वाटत होतं, म्हणून ते मी तिसऱ्या पानाच्या शेवटी, दिलगिरीच्या दोन वाक्यांमध्ये ठेवलं. काकांनी ती पानं कपाळाला लावली.

दीड महिन्याने उत्तर आलं. काकांनी शिल्लक राहिलेल्या सगळ्या सहीवाल्यांना अंगणात बोलावलं आणि वाचायला मला उभं केलं. कागद छोटासाच होता. संरक्षणाच्या कामात कामगारांनी दाखवलेल्या आस्थेबद्दल विभाग आभारी आहे, ठेका मंजूर झाला आहे. मी ते हळू आवाजात मराठीत सांगितलं. मागे कोणीतरी टाळी वाजवली, आणखी दोघांनी वाजवली, मग सगळे थांबले.

“आभार कावून?” काकांनी विचारलं.

मला कारण माहीत होतं. मी म्हणाले, “लिहिलेलं नाही.”

पुढच्या आठवड्यात जबलपूरहून दुसरा पॅटर्नमेकर आला. त्याने तीन दिवसांत नमुना केला. चांगला केला, असं काका स्वतः पाहून येऊन म्हणाले. मग त्यांनी पटाशा तेल लावून फडक्यात गुंडाळल्या आणि तिरोड्याला परतण्यासाठी महिनाअखेरीस खोली रिकामी केली. सामान रिक्षात चढल्यावर ते माझ्याकडे आले. मी फाटकाला धरून उभी होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, “माय, तू मनाले लावून घेऊ नको. तुझी इंग्रजी उंच होती. त्यायले झेपली नाही.”

तेव्हा बोलायला हवं होतं. रिक्षा वळेपर्यंत पुष्कळ वेळ होता. आता तिरोड्याकडचं कोणी आलं की सांगतं, काका या वयातही दारं-खिडक्या करतात, आणि भेटेल त्याला ऐकवतात की दिल्लीत एकाला जरी धड इंग्रजी येत असती तर तो गोळा झालाच नसता. हे ऐकलं की मी चहा ठेवायला आत जाते.