किती कॉम्प्युटरवर?

पंचवटीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं की किस्से शोधावे लागत नाहीत. डबीतल्या जुन्या स्क्रूंसारखे आपोआप साचतात. हसवणारे थोडे, बाकीचे गिळावे लागतात.

पहिला अंबडच्या क्लासवाल्या सरांचा. ऑपरेटिंग सिस्टीमचं लायसन्स एका मशीनपुरतंच असतं. फोनवरून अ‍ॅक्टिव्हेट करताना रेकॉर्ड केलेली बाई विचारते, "हे किती कॉम्प्युटरवर टाकलंय?" सर छाती फुगवून म्हणाले, "चौदा!" झालं, अ‍ॅक्टिव्हेशन नामंजूर! तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधीच पढवतो, "खरं काहीही असो, एक म्हणा."

*

शेजारच्या गाळ्यात शिरसाठ काका-काकींचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं केंद्र. दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर. काका दसऱ्याला कॉम्प्युटरची साग्रसंगीत पूजा करायचे. एकदा सिस्टीम नव्याने टाकायची होती, म्हणून मी त्यांच्या मशीनवरचं लायसन्सचं स्टिकर बघितलं. हळदीकुंकवाखाली नंबर पार पुसलेला!

"काका, नेमकं इथंच लावायचं?"

"मग कुठं? एवढी अक्षरं तिथंच होती. सरस्वती दुसरीकडं कशाला बसेल?"

*

मग काकांचा मदरबोर्ड जळला. मी नवा बसवला, तर सिस्टीम म्हणे हे वेगळं मशीन, जुनं लायसन्स चालणार नाही. काका भडकले. वर्षभरापूर्वीच त्यांना काकींची किडनी बसवली होती.

"अरे, माझाही पार्ट बदललाय! मग मी वेगळा माणूस झालो का?"

काकी टायपिंग न थांबवता म्हणाल्या, "झाला असता तर सुटले असते!"

काका ठसका लागेपर्यंत हसले. शेवटी त्यांनी नवं लायसन्स घेतलं, एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर नेता येतं तसलं.

*

पुढे ती किडनीही थकली. काका गेले. अजून कधीकधी शेजारून त्यांचा ठसका आल्यासारखा वाटतो आणि हातातलं काम थांबतं.

तेरावं झाल्यावर काकींनी गाळा उघडला, तर त्यांच्या स्वतःच्या मशीनचं लायसन्स रद्द झालेलं. चूक माझीच. पूर्वी मीच दुसऱ्या कुणाच्या लायसन्सवर ते चालू करून दिलं होतं, "एक म्हणा" असं पढवून. सोमवारी तपासणी होती. केंद्राची नोंदणी काकींच्याच मशीनवर होती; ते अ‍ॅक्टिव्हेट केलेलं दिसलं नाही, तर केंद्राची परवानगी जाणार होती आणि काकींचं घर आता त्या केंद्रावरच चालणार होतं.

"काकी, काकांचं लायसन्स तुमच्या मशीनवर आणतो," मी म्हणालो. "पण आधी त्यांच्या मशीनवरून काढावं लागेल."

काकींनी काकांचा कीबोर्ड पदराने पुसला. "काढ."

मी काढलं. फोन स्पीकरवर लावला. बाईने विचारलं, "हे किती कॉम्प्युटरवर टाकलंय?"

सवयीने मी तोंड उघडलं. काकींनी हात वर करून मला थांबवलं.

"शिकवू नको, संदीप."

मग फोनकडे वाकून म्हणाल्या, "एकच."