धुण्याच्या दोरीएवढी उंची

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून जळक्या व्हार्निशचा वास आला, की लोहा गावाहून आणलेलं ते तारेचं भेंडोळं आठवतं. हौशी रेडिओचा, म्हणजे घरून बिनतारी बोलायचा, परवाना मिळाला होता, जुना सेट मी दुरुस्त केला होता, पण आमचं घर कंधारकडच्या डोंगरांत, खोलगटात, आणि लोखंडी मनोरा परवडणारा नव्हता. म्हणून जळालेल्या मोटारीची ती तांब्याची तार अँटेना म्हणून दोन उंच बांबूंवर ताणली. डोंगरापलीकडून कुणी उत्तर देईना, आणि वाऱ्यानं बांबू तीनदा पाडले. चौथ्यांदा उभे करायला लागलो तेव्हा आई म्हणाली, "डोंगराएवढं उंच कवा जाणार हायस तू? धुण्याच्या दोरीएवढी बांध की." मी चिडलो, पण पुस्तक पुन्हा उघडलं तर तेच लिहिलेलं: खाली बांधलेल्या तारेतून लहरी सरळ आभाळात जातात आणि वरच्या थरावर आपटून डोंगरापलीकडे उतरतात. कडुनिंबापासून न्हाणीच्या भिंतीपर्यंत तार बांधली. दुपारी लातूरहून अनोळखी आवाज आला, "स्पष्ट ऐकू यायलंय, बोला." आईच्या हातातली ओली साडी पिळायची राहिली. आजही ती धुण्याची बादली घेऊन त्या तारेखाली उभी राहते आणि आधी विचारते, "तुझं बोलून झालं का? टाकू वाळत?"