पाटील सरांचा सौर वारा

सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्याच्या खगोल मंडळात ज्ञान किती साठलं ते विचारू नका, पण किस्से मात्र दर रविवारी वाढतात. कारण एकच, पाटील सर! मूळचे अमळनेरचे, भौतिकशास्त्राचे रिटायर्ड शिक्षक. सूर्यमालेच्या टोकाला गेलेली अंतराळयानं हा त्यांचा जीव की प्राण. माझं झेरॉक्सचं दुकान, म्हणून मंडळाचे बोर्ड मी छापतो.

एकदा बोर्ड लावला, 'सौर वारा : व्याख्यान'. हॉल फुल्ल! सरांनी तासभर समजावलं, सूर्यातून विद्युतभारित कण सतत बाहेर कसे वाहतात, यानावरची यंत्रं त्यांचा वेग कसा मोजतात. शेवटी पहिल्या रांगेतल्या ताई उठल्या.

"सगळं समजलं सर. पण हा सोलर पंखा पत्र्याच्या छताला बसतो ना?"

*

पुढच्या खेपेला बोर्डवर 'ताऱ्यांमधला प्लाझ्मा' लिहिलं. भेस्तानहून एक माणूस धापा टाकत आला, बाही वर केलेलीच!

"बी पॉझिटिव्ह आहे. लगेच घ्या."

सर गडबडले. "अहो, हा रक्तातला नाही. ताऱ्यांच्या मधल्या जागेत असतो तो."

"असू द्या ना! पेशंट कुठं ठेवलाय तेवढं सांगा!"

त्याला चहा पाजून पाठवला. पुढं तो मंडळाचा मेंबर झाला. अजून प्लाझ्मा म्हटलं की त्याचा हात बाहीकडे जातो.

*

सूर्यमालेच्या टोकाला गेलेल्या एका यानाने प्लाझ्मातल्या लहरी टिपल्या, त्यांचा आवाज करता येतो. मंडळातल्या जिग्नेशभाईने तो स्पीकरवर लावला. बारीक शिट्टीसारखा सूर, हळूहळू चढत गेलेला. सर डोळे मिटून म्हणाले, "सूर चढतोय, म्हणजे बाहेर प्लाझ्मा दाट होतोय. सौर वारा संपला, आपण सूर्याची हद्द ओलांडली!"

तेवढ्यात पॉवरलूमवर काम करणारे धनराजदादा मागून ओरडले, "बेरिंग सुकी गयं सर, तेल टाका!"

सर हसत सुटले ते थांबेचनात.

*

गेल्या वर्षी सरांचं हार्टचं ऑपरेशन झालं. मंडळ सगळं दवाखान्यात. सरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, ताठ बसलेल्या, पण हातातल्या रुमालाची पिळून पिळून चिंधी झाली होती.

बऱ्याच वेळाने सरांनी पापणी हलवली. काकूंना आणि मला आत घेतलं. शुद्ध तपासायला डॉक्टर वाकून म्हणाले, "काका, तमे क्यां छो? कुठे आहात तुम्ही?"

सर पुटपुटले, "सूर्याचा वारा संपला... आता मी बाहेर..."

डॉक्टरांचा चेहराच उतरला. ते नर्सला म्हणाले, "डोक्याचा स्कॅन करावा लागेल."

काकू पुढे झाल्या. सरांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "अहो, तिथून यानाचा निरोप यायला किती वेळ लागतो?"

डोळे मिटलेलेच. पण आवाज वर्गातला!

"प्रकाशाच्या वेगानं, जवळजवळ एक दिवस."

काकूंनी डोळे पुसले. "स्कॅन नको डॉक्टर. पूर्ण शुद्धीवर आहेत."

"पण मग हे नीट कधी बोलणार?"

"लग्न झाल्यापासून मीही वाट बघतेय!"