मना, मनी, मनं

गेली कित्येक वर्षं दर मंगळवारी मी लोकांना सुधारतो. खरं तर सुधारतात ते माझे पाहुणे. मी माइक पुढे सरकवतो आणि योग्य ठिकाणी ‘वा’ म्हणतो.

धंदा म्हणाल तर जळगावात लग्नपत्रिका छापण्याचा. दिवसभर लोकांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायच्या आणि मंगळवारी घरातल्या मागच्या खोलीत, भिंतींना गोधड्या टांगून, पॉडकास्ट करायचा. पहाटे साडेतीनला उठणारे एक गृहस्थ त्या खोलीत दुसऱ्याच प्रश्नाला पेंगले होते. ‘नाही म्हणायला शिका’ असं सांगणाऱ्या बाईंनी चहाला तीनदा नाही म्हटलं आणि जाताना दोन कप घेतले. बायको म्हणते, “इतकी माणसं येऊन गेली, एकाचाही गुण लागला नाही तुम्हाला.”

पण एकही मंगळवार चुकलेला नाही, हा माझा मोठा अभिमान. एकदा अंगात ताप असताना भाग केला. विषय होता निरोगी जीवन.

तर त्या मंगळवारी धुळ्याचे एक वक्ते यायचे होते. विषय ‘मनं जिंकताना’. तो सगळ्या ग्रुपवर जाहीर झालेला. सकाळी त्यांचा फोन आला, गाडी पाठवा म्हणून. मी म्हटलं, धुळ्याहून एसटी भरपूर आहेत. ते म्हणाले, माझी किंमत एसटीची आहे का? मी म्हटलं, किंमत तुम्ही सांगा, तिकीट मी काढतो. मनं जिंकणाऱ्या माणसानं फोन आपटला.

दुपारपर्यंत मी अर्ध्या जळगावाला फोन केले. कुणी शेतात, कुणी लग्नात. संध्याकाळी सहाला भाग गेलाच पाहिजे होता. बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अक्का आहे की घरात.”

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. पिंपळनेरजवळच्या खेड्यातून डोळे दाखवायला आल्या होत्या.

“त्या माझ्याशी बोलतात कुठे?” मी विचारलं.

“का बोलत नाही ते तुम्हाला माहीत आहे.”

माहीत होतं. मुलगी पाहायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. त्यांच्या बोलीत माझा म्हणजे मना, माझी म्हणजे मनी, माझं म्हणजे मनं. अक्का हौसेनं दाखवत होत्या: ही मनी पोर, ही मनी म्हैस, ही मनी मावशी. मला वाटलं, आता आपण विनोद केलाच पाहिजे. मी म्हणालो, “काय हो, या घरात सगळ्यांचं नाव मनीच का? आमच्याकडे मांजराला मनी म्हणतात.” माझ्याकडची मंडळी खदखदून हसली. पोर मिळाली, पण त्या दिवसापासून अक्का माझ्याशी पाठ्यपुस्तकातलं मराठी बोलू लागल्या, तेही मोजकं. बसा. चहा घ्या. बरं आहे. ‘शे’, म्हणजे आहे, हा शब्द मी असलो की त्यांच्या तोंडून बाहेर पडायचा नाही. वीस-बावीस वर्षं हे चाललं होतं, आणि चूक कबूल करायचा धीर मला झाला नव्हता. दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्याला आपली काढता येत नाही.

तरी साडेचारला त्यांना गोधड्यांच्या खोलीत बसवलं. त्यांनी एका गोधडीचा टाका तपासला, नाक मुरडलं आणि माइककडे बघून हात जोडले.

माझी प्रस्तावना लांबलचक असते, तशी झाली. मग मी नाटकी आवाजात पहिला प्रश्न टाकला, “अक्का, मनं जिंकायची तर माणसानं काय करावं?”

त्या एकदम माझ्याकडे वळल्या. “मनं?”

“हो. मनं.”

“मनं जिंकानं शे तुम्हले?”

दारात बायको उभी होती. तिनं पदर तोंडात कोंबला, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अक्कांनी ‘मनं’ म्हणजे ‘माझं’ असं ऐकलं होतं; जावई अखेर आपल्या बोलीत आपल्यालाच विचारतोय, तुमचं मन कसं जिंकू, असं त्यांना वाटलं होतं. आणि शे. माझ्यासमोर शे.

मुद्रितशोधकाचा हात शिवशिवतो तशी जीभ शिवशिवली. नाही हो अक्का, मन, अनेकवचन मनं, असं ओठांवर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा एक चूक दिसत असून मी तिला हात लावला नाही.

“हो,” मी म्हणालो. “तेच विचारतोय.”

“आज सुचनं का?” अक्का म्हणाल्या, आणि सैल बसल्या. “सोपं शे. मनी बोलीले हासू नका. दुसरं, फुनकास्ले ढोकळा म्हनू नका.”

फुनके म्हणजे तुरीच्या डाळीचे वाफवलेले मुटके, कढीबरोबर खायचे. मी दर दिवाळीत त्यांना ढोकळा म्हणत आलो होतो, गंमत म्हणून.

“चुकलं माझं,” मी म्हणालो. “तेव्हाही चुकलं होतं.”

“मांजरनं का?”

“मांजराचंच.”

त्या हसल्या. मग जे सुरू झाल्या ते पाऊण तास. म्हशीपासून व्याह्यांपर्यंत बठ्ठं आलं. मी ‘वा’ म्हणायचंही विसरलो.

सहाला भाग गेला, नाव तेच ठेवून. रात्री वक्त्यांचा मेसेज आला: विषयाचं काय केलंत? मी लिहिलं, विषय पूर्ण झाला.

दुसऱ्या दिवशी पानात फुनके आले. बायको कढी वाढत होती, अक्का समोर बसल्या होत्या. मी तीन खाल्ले, घसा साफ केला आणि जाहीर केलं, “अक्का, फुनका चांगला शे.”

“किती खादात?”

“तीन.”

“मंग शे नही. शेतस,” अक्का म्हणाल्या. “एक व्हई ते शे, जास्त व्हतीन ते शेतस. पत्रिका छापतस ना तुम्ही?”

बायको कढीचं पातेलं घेऊन आत पळाली. मी पुन्हा म्हणून दाखवलं, शेतस. अक्कांनी मान डोलवली आणि माझ्या पानात आणखी दोन टाकले.